मुलांचा ईमेल मुलांच्या हातात द्या: ठाण्यातल्या परदेशी शिक्षण सल्लागारांना खुले पत्र

प्रति,
ठाणे शहरातील परदेशी शिक्षण सल्लागार संस्थांचे चालक
आणि त्यांच्या मेळाव्यांत टेबल मांडणारे ब्रिटिश विद्यापीठांचे प्रतिनिधी

स.न.वि.वि.

सप्टेंबर इनटेकच्या, म्हणजे सप्टेंबरच्या प्रवेशफेरीच्या, मेळाव्यांचे फलक गोखले रोडपासून घोडबंदरपर्यंत पुन्हा लागलेत. त्यातल्या एकावर ‘प्री-डिपार्चर सेशन मोफत’ असं विद्यापीठांच्या नावांपेक्षाही मोठ्या अक्षरांत छापलंय. असलं एक सेशन मी गेल्या वर्षी पाहिलं. आमच्या सोसायटीतली एक मुलगी निघाली होती, तिच्या आईला एकटीने जायचा संकोच वाटत होता म्हणून मीही गेले. सगळा मामला पाऊण तासाचा. त्यातला मोठा भाग फॉरेक्स कार्डवाल्याने घेतला, उरलेला विमावाल्याने. मग सिमकार्ड वाटली, समोसे आले, बॅनरपुढे ग्रुप फोटो झाला. ‘काही प्रश्न?’ असं काउन्सेलरने विचारलं तेव्हा हॉलची वेळ संपून पुढच्या बॅचचे पालक दारात उभे होते.

त्यानंतर महिनाभरात त्या मुलीचे एक लाख चाळीस हजार रुपये गेले.

आधी माझी ओळख देते, म्हणजे हे बाहेरून बोलणं वाटणार नाही. मी पाचपाखाडीत वाढले, तुमच्यासारख्याच एका संस्थेमार्फत इंग्लंडला गेले, मास्टर्स केलं, परत आले आणि आता वागळे इस्टेटमध्ये नोकरी करते. तिथे शिकताना विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात ‘स्टुडंट हेल्पर’चं काम करायचे. सप्टेंबर आला की विद्यापीठाचा टी-शर्ट घालून विमानतळावर उभं राहायचं, नवीन मुलांना बसमध्ये बसवायचं, आणि पुढचा आठवडा कॅम्पसवरच्या मदतकक्षात काढायचा. तुम्ही इथून हार-तुरे घालून पाठवलेली मुलं तिथे कशी उतरतात ते मी जवळून पाहिलंय. टीबीचा दाखला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेला, कुकर टॉवेलात गुंडाळून बॅगेत, गोडा मसाला तीन पिशव्यांत. आणि विद्यापीठाने पाठवलेली एकही मेल उघडलेली नाही.

ती का उघडलेली नसते हे मला त्या वेळी कळत नव्हतं. मुलं आळशी आहेत असं आमच्या ऑफिसातले लोक म्हणायचे. खरं कारण गेल्या वर्षी कळलं, आणि तीच माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

अर्ज भरायच्या दिवशी तुमच्या ऑफिसात विद्यार्थ्याच्या नावाने नवीन जीमेल उघडलं जातं. नाव, आडनाव, पुढे इनटेकचं वर्ष. पासवर्ड ऑफिसच्या शीटमध्ये. ‘सगळं एका जागी राहतं, तुम्हाला डोक्याला ताप नको,’ असं पालकांना सांगितलं जातं आणि पालकांनाही ते बरंच वाटतं. पण त्यानंतर विद्यापीठ जे काही पाठवतं ते सगळं त्याच पत्त्यावर जातं. हॉस्टेलची खोली कोणत्या तारखेपर्यंत धरायची, विमानतळावरून विद्यापीठाची बस कुठून सुटते, पहिल्या आठवड्यात काय काय आहे, अडचण आली तर कोणाच्या दारात जायचं. आणि ‘सध्या घरभाड्याच्या नावाखाली फसवणूक सुरू आहे, खात्री केल्याशिवाय कोणालाही पैसे पाठवू नका’ ही सूचनाही. आमच्या सोसायटीतल्या मुलीला ही मेल आली होती. पुष्कळ मागे लागल्यावर पासवर्ड मिळाला, आम्ही इनबॉक्स उघडला, तर न वाचलेल्या दोनशेच्या आसपास मेलमध्ये ती ठळक अक्षरांत तशीच पडून होती. तारीख पाहिली. पैसे पाठवले त्याच्या आदल्या आठवड्यातली.

तुमच्या माणसांनी त्या इनबॉक्समधून नेमक्या दोन गोष्टी उघडल्या होत्या: ऑफर लेटर आणि कॅस, म्हणजे व्हिसाच्या अर्जाला लागणारं विद्यापीठाचं प्रवेशपत्र.

याच पत्त्याचं दुसरं दुखणं आता सुरू झालंय. ब्रिटनमधली प्लास्टिकची ओळखकार्डं २०२४ अखेरीस संपली. आता व्हिसा म्हणजे एक ऑनलाइन खातं, आणि त्यात शिरायचा कोड नोंदवलेल्या ईमेलवर किंवा फोनवर येतो. इंग्लंडात घर भाड्याने घ्यायचं तर घरमालक ‘शेअर कोड’, म्हणजे व्हिसा तपासून पाहायचा कोड, मागतो, नोकरी देणाराही तोच मागतो, आणि तो या खात्यातूनच काढावा लागतो. गेल्या सप्टेंबरात डोंबिवलीच्या एका ओळखीच्या मुलाचा मला रात्री साडेआठला फोन आला. तिथे दुपारचे चार वाजले होते. तो तिथल्या घरं भाड्याने देणाऱ्या एजन्सीच्या ऑफिसात खुर्चीवर बसलेला, समोर करारपत्र, मागे आणखी दोघे त्याच खोलीसाठी थांबलेले. खात्यात शिरायचा कोड गेला होता ठाण्यातल्या ऑफिसच्या ईमेलवर आणि ऑफिस सातला बंद झालेलं. काउन्सेलर फोन उचलेना. खोली मागच्याला गेली. स्वतःचा व्हिसा स्वतःला दाखवता येत नाही, ही वेळ त्याच्यावर कोणी आणली?

दुसरी तक्रार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची. प्रत्येक इनटेकला तुम्ही ग्रुप काढता. कल्पना चांगली आहे, एकमेकांना धीर मिळतो. पण त्याची लिंक इन्स्टाग्रामवर टाकली जाते, कोणीही येतं, आणि व्हिसे लागले की तुमचा अ‍ॅडमिन तिथे फिरकत नाही. शेकडो मुलांचे नंबर, जायच्या तारखा, विद्यापीठ, शहर सगळं तिथे उघड्यावर. चोराला आणखी काय हवं असतं?

आमच्या सोसायटीतल्या त्या मुलीला तिथेच एक ‘सीनियर’ भेटला. शुद्ध मराठी बोलणारा, ठाण्याची गल्लीन् गल्ली माहीत असलेला. विद्यापीठापासून चालत दहा मिनिटांवर खोली आहे, मराठी मुलीच राहतात, घरमालक गुजराती काका आहेत. व्हिडिओ पाठवला, खोली चांगली होती. वर सल्ला दिला की ‘पाउंडात कशाला पाठवतेस, बँक एक्सचेंजमध्ये कापते; काकांचं इथलं खातं आहे, रुपयांत टाक’. आईवडिलांना हे पटलं, कारण पैसे वाचत होते आणि माणूस आपला होता. डिपॉझिट आणि दोन महिन्यांचं भाडं यूपीआयने दोन हप्त्यांत गेलं. ती पोहोचली तेव्हा पत्ता खरा निघाला. दार एका पोलिश बाईंनी उघडलं. त्या कित्येक वर्षं तिथेच राहत होत्या आणि अशीच आणखी एक मुलगी आधी बॅगा घेऊन येऊन गेली होती, असं त्यांनी सांगितलं. त्यांनीच हिला चहा दिला आणि विद्यापीठाच्या सिक्युरिटीला फोन लावून दिला.

तुमच्या संस्थेत विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं: ‘व्हिसा लागला की आमची सर्व्हिस संपते. अ‍ॅकोमोडेशन आमच्याकडे येत नाही.’ आणि वर, ‘आजकालची मुलं कोणावरही विश्वास ठेवतात.’

या दोन्ही वाक्यांवर माझा आक्षेप आहे. मोफत सल्ल्याचे पैसे तुम्हाला विद्यापीठ देतं, फीचा हिस्सा म्हणून, यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते पैसे सहसा मूल तिथे जाऊन, फी भरून, नाव नोंदवल्यावर निघतात. बिल नोंदणीनंतर निघतं आणि सेवा व्हिसाला संपते, हा हिशेब कुठला? आणि विश्वासाचं म्हणाल तर तिने कोणा परक्यावर विश्वास टाकला नव्हता. तुमचं नाव आणि तुमचा लोगो लावलेल्या ग्रुपवर टाकला होता.

न्यायाने सांगायचं तर तुमचं कागदाचं काम चोख असतं. खात्यात पैसे २८ दिवस कसे ठेवायचे, त्यात एक दिवससुद्धा शिल्लक खाली गेली तर काय होतं, हे तुम्ही मुलांकडून घोकून घेता. ‘हेच विद्यापीठ का निवडलं?’ याचं उत्तर आरशासमोर पाठ करायला लावता. मुलाखतीचा सराव घेता. म्हणजे शिकवायचं मनावर घेतलं तर तुम्हाला येतं. मग तिथे फसवणारे कोणत्या रूपाने येतात हे शिकवायला काय हरकत आहे? रूपं फार नाहीत, आणि दरवर्षी तीच असतात.

‘होम ऑफिसमधून’, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्यातून, ‘बोलतोय’ असा फोन येतो. नंबर खराच दिसतो, समोरच्याला नाव आणि पासपोर्ट नंबरही माहीत असतो. तुमच्या कागदात त्रुटी आहे, आत्ता दंड भरा नाहीतर परत पाठवू, असं तो म्हणतो. होम ऑफिस फोन करून पैसे मागत नाही. एवढं एक वाक्य विमानात बसण्याआधी डोक्यात असेल तर मूल फोन ठेवून देतं. आपल्याकडच्या ‘डिजिटल अरेस्ट’चाच हा भाऊबंद आहे. (पासपोर्ट नंबर त्यांच्याकडे जातो कुठून, हा प्रश्न मला पडतो. मुलांच्या पासपोर्टचे फोटो तुमच्या किती जणांच्या खासगी फोनमध्ये पडून आहेत ते एकदा मोजून पाहा.)

दुसरा म्हणतो, तुझी फी मी भरतो, मला दहा टक्के कमी दे. तो चोरलेल्या कार्डावरून भरतो. पावती येते, मूल त्याला रोख देतं, मग कार्डाचा खरा मालक तक्रार करतो आणि विद्यापीठाच्या खात्यातून पैसे परत जातात. फी पुन्हा मुलाच्या डोक्यावर.

तिसरा सर्वांत वाईट, कारण त्यात मूल स्वतःच आरोपी होतं. ‘तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव, शंभर पाउंड तुझे.’ पार्टटाइम काम मिळत नसलेल्या मुलाला हे काम वाटतं. तिथल्या बँका अशी खाती बंद करतात, फसवणुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिफास नावाच्या यंत्रणेत नोंद होते आणि ती सहा वर्षं राहते. त्या काळात नवीन खातं, फोनचा करार, कर्ज सगळंच अवघड. अवैध पैसा फिरवण्याची कमाल शिक्षा १४ वर्षं आहे. आणि ‘नोकरीच्या व्हिसाची स्पॉन्सरशिप विकत देतो’ म्हणणाऱ्यांबद्दल तर मी लिहीतच नाही, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

घरभाड्याबाबत तर तिथला कायदाच भाडेकरूच्या बाजूने बोलतो. इंग्लंडात २०१९ च्या कायद्याने नेहमीच्या भाड्याच्या घरांना डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, खोली धरून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. घेतलेलं डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. हे आकडे एका कागदावर बसतात. फॉरेक्स कार्डच्या पत्रकामागची बाजू कोरी असते, तिथेही बसतील.

आता कॅम्पसच्या मदतीबद्दल. वेलकम वीक म्हणजे टाइमपास, असं तुमच्या सेशनमध्ये मी कानांनी ऐकलं. ‘पहिला आठवडा अटेंडन्स नसते, उशिरा गेलात तरी चालतं, तिकीट स्वस्त मिळतं.’ असं सांगून तुम्ही मुलांना त्या आठवड्यापासून तोडता ज्या आठवड्यात सगळी मदत एका मांडवाखाली येऊन बसलेली असते. आमच्या हॉलमध्ये एका टेबलावर स्टुडंट्स युनियनचे सल्लागार असायचे, ते घराचा करार फुकट वाचून देतात, सही करण्याआधी. पलीकडे पोलिसांचं टेबल. त्याच्या शेजारी डॉक्टरकडे नाव नोंदवायचे फॉर्म. मुलं व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पाउंड आरोग्य अधिभार भरून आलेली असतात, तरी डॉक्टरकडे नाव न नोंदवता क्रोसिनच्या पट्टीवर थंडी काढतात. भरलेल्या पैशांचं काय मिळतं हेच कोणी सांगितलेलं नसतं. संध्याकाळी चहा-बिस्किटं, गावातून फेरफटका, कोणाच्या तरी गिटारचा गोंगाट. त्या चहाला आलेली मुलं महिन्याभराने अडचणीत आली की आमच्या ऑफिसचं दार वाजवायची, कारण आतला चेहरा ओळखीचा असायचा. न आलेली मुलं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सीनियरला विचारायची.

पालकांना ‘इव्हेंट’ म्हटलं की दारू दिसते. ती भीती मी समजू शकते, माझ्या बाबांनाही होती. पण तुम्ही ती दूर करण्याऐवजी तिला खतपाणी घालता. तिथे गणपतीही बसतो, दिवाळीही होते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. आपल्या माणसांत मिसळायचं तर नावागावाची, पत्त्याची संस्था असताना अनोळखी लिंकवर जायची काय गरज?

विद्यापीठांच्या प्रतिनिधींना थोडकंच सांगते. तुमच्या वेबसाइटवर सगळं आहे, हे मला माहीत आहे. त्यातली काही पानं मीच छापून भिंतीला चिकटवलीत. पण मेळाव्यात तुमच्या टेबलावर रँकिंग, शिष्यवृत्ती आणि इमारतींचे फोटो असतात. तुमच्या नावावर ठाण्यात कोण मुलं घेतंय, ते मुलांना काय सांगतायत, अर्जातला ईमेल खरंच विद्यार्थ्याचा आहे का, हे तपासायचं काम तुमचं आहे. ऑस्ट्रेलियात विद्यापीठांना आपल्या एजंटांची यादी वेबसाइटवर द्यावीच लागते. एकाच ऑफिसातून आलेल्या पन्नास अर्जांवर एकाच घडणीचे पन्नास ईमेल दिसतात, तेव्हा तुमच्याकडे कोणालाच शंका येत नाही का?

कायद्याने आम्हाला फारसा आधार नाही, हे मला माहीत आहे. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला केंद्राच्या १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते; विद्यार्थी पाठवणाऱ्याला त्या कायद्याखाली लागत नाही. मस्कतला वेल्डर पाठवायचा तर नोंदणी, मँचेस्टरला विद्यार्थी पाठवायचा तर नुसती काचेची केबिन. पंजाबने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि त्यात अशा सल्लागारांनाही परवाना लावला. महाराष्ट्राच्या आमदारांना मी ते वेगळं लिहिणार आहे. पण खालच्या मागण्यांना कायदा लागत नाही, मनात आणलं तर सोमवारपासून सुरू करता येईल.

एक. अर्ज विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ईमेलवरूनच भरा. आधी उघडलेल्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड या इनटेकच्या मुलांना, निघण्याआधी, लेखी द्या आणि तुमच्या शीटमधून काढून टाका. व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात फोन आणि ईमेल दोन्ही मुलाचेच हवेत.

दोन. ग्रुप काढलात तर पासपोर्ट आणि ऑफर लेटर पाहूनच माणूस आत घ्या. नोंदणी होईपर्यंत तुमचा माणूस रोज तिथे हवा. ते जमत नसेल तर व्हिसे लागले की ग्रुप बंद करा.

तीन. निघण्याआधी अर्धा दिवस, मराठीत, पालकांसह बैठक घ्या. घंटाळीच्या सहयोग मंदिरासारख्या एखाद्या सभागृहात. ठाणे पोलिसांच्या सायबर शाखेतल्या अधिकाऱ्यांना बोलवा. पैसे इथल्या खात्यातून गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा, तिथल्या बँकेतून गेले असतील तर मुलाने तिथूनच १५९ ला, हे आईवडिलांच्या फ्रिजवर चिकटलेलं हवं. परत आलेली मुलं बोलवा. माझा रविवार मी आत्ताच देते, मानधन नको. त्या बैठकीत विक्रीचं एकही टेबल नको.

चार. प्रत्येक मुलाच्या फोनमध्ये त्याच्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसचा, सिक्युरिटीचा आणि स्टुडंट्स युनियनच्या सल्लाकेंद्राचा नंबर तुमच्या समोर सेव्ह करून घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नावही त्याच वेळी नोंदवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

पाच. पासपोर्टच्या प्रती खासगी फोनवर मागवणं थांबवा. काम झाल्यावर त्या नष्ट करा आणि केल्याचं कळवा.

आमच्या सोसायटीतल्या मुलीला विद्यापीठाने तात्पुरती खोली दिली, अडचणीतल्या विद्यार्थ्यांच्या निधीतून थोडी मदतही मिळाली. इकडे तिच्या वडिलांनी तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे कितीतरी खात्यांतून पुढे सरकले होते. ते अजून मिळालेले नाहीत. तिचं वर्ष वाया गेलं नाही, त्याचं श्रेय त्या पोलिश बाईंना आणि कॅम्पसवरच्या एका सल्लागाराला आहे. तुमच्या संस्थेच्या इन्स्टाग्रामवर मात्र तिचा हार घातलेला फोटो अजून आहे, खाली ‘अनदर सक्सेस स्टोरी’. तो काढावा अशी तिची विनंती आहे. ही सहावी मागणी धरा.

येत्या मेळाव्याला मी येणार आहे. प्रत्येक टेबलावर तीनच गोष्टी विचारेन: ईमेल कोणाचा, ग्रुप कोणाच्या ताब्यात, आणि मूल तिथे उतरल्यावर तुमच्याकडून फोन कोण उचलणार. जी उत्तरं मिळतील ती मी पालकांसाठी जशीच्या तशी प्रसिद्ध करेन, आणि चांगली असतील तर जास्त आनंदाने.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
पाचपाखाडी, ठाणे